विश्रांतीचा बंदोबस्त

प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाला वाटेत काय हवे असते, असे कोणी विचारले तर चहा, वडा आणि आडोसा ही उत्तरे चटकन सुचतात. परंतु या तिन्हींहून निकडीची एक वस्तू त्याला हवी असते, असे माझे मत आहे, आणि ती म्हणजे तक्रार. चहा पाणचट निघावा, वड्यात बटाट्यापेक्षा पीठ अधिक असावे, आडोशाच्या दारात पाच रुपये मागणारा इसम बसलेला असावा आणि ते पाच रुपये कशावर खर्च होतात याची आत कोणतीही खूण सापडू नये, म्हणजे गाडीत परतल्यावर पुढच्या वीस कोसांच्या संभाषणाची तरतूद होते. ज्या प्रवासात काहीच बिघडले नाही त्याची हकीकत घरी आल्यावर दोन वाक्यांत आटोपते, आणि ऐकणाऱ्यांना आपल्यापासून काही लपवले जात आहे असा संशय येतो. या दृष्टीने पाहता जपानच्या डोंगराळ मुलखातला मोटारप्रवास हा आपल्या स्वभावाची कठोर परीक्षा पाहणारा आहे.

माझा भाचा तोकियोत संगणकाच्या एका कचेरीत नोकरीस आहे, आणि निशि-कासाई नावाच्या ज्या भागात तो राहतो तिथे भाजीच्या दुकानात मराठी शब्द कानावर पडला तर कोणी दचकत नाही. गुन्मा आणि नागानो या दोन डोंगरी प्रांतांच्या सीमेवरचे घाट आम्हां उभयतांना दाखवावेत असा बेत त्याने आखला, तेव्हा सौभाग्यवतींनी जो पहिला प्रश्न केला तो सृष्टिसौंदर्याविषयी नव्हता.

“वाटेत थांबायला काही आहे का रे?”

“मामी, थांबायलाच तर जायचंय,” तो म्हणाला, आणि हे उत्तर मला त्या वेळी उडवाउडवीचे वाटले.

ते तसे नव्हते. जपानात वाटेत थांबणे ही प्रवाशाची खाजगी लहर मानत नाहीत. ती सरकारी कारभाराची एक शाखा आहे. द्रुतगती मार्गांवर विश्रांतिस्थाने पूर्वीपासून होती, परंतु खेड्यापाड्यांतून आणि घाटांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यांना ती सोय नव्हती. १९९० साली हिरोशिमा येथे भरलेल्या एका परिसंवादात कोणी असा विचार मांडला की आगगाडीला जर स्टेशने असतात तर रस्त्याला का असू नयेत. परिसंवादांतून असले विचार आपल्याकडेही मांडले जातात आणि त्यानंतर आभारप्रदर्शन होते. तिथे मात्र बांधकाम खात्याने तो विचार मनावर घेतला, काही प्रांतांत तात्पुरती ठाणी उभारून प्रयोग करून पाहिला, आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये १०३ ठिकाणांची पहिली यादी मंजूर केली. आज ही संख्या १२०० च्या पुढे गेली आहे. ‘मिची नो एकी’, म्हणजे रस्त्याचे स्टेशन, असे त्यांचे नाव. आणि गाडी उभी करण्याची जागा, शौचालय व दूरध्वनी या तीन गोष्टी अहोरात्र उपलब्ध असल्याखेरीज, आणि पहिल्या दोहोंसाठी एक छदामही न घेतल्याखेरीज, कोणत्याही गावाला ते नाव लावण्याची परवानगी मिळत नाही.

आमचा पहिला थांबा मात्र या सरकारी व्यवस्थेहून पुष्कळ जुना होता. उसुई घाटाच्या पायथ्याशी योकोकावा नावाचे गाव आहे. १८९३ साली या घाटातून लोहमार्ग गेला, आणि त्याचा चढ असा की पंधरा हात पुढे जावे तर एक हात वर चढावे. इतक्या चढावर साध्या इंजिनाचा इलाज चालेना म्हणून आरंभी दोन रुळांमध्ये दात्यांची पट्टी बसवली होती आणि पुढच्या काळात मदतीला जादा इंजिने जोडू लागले. इंजिन जोडायचे म्हणजे गाडी थांबणार, आणि गाडी थांबली की पोट भरलेले असो वा नसो, उतारूला भूक लागते. कर्जतचे नाव एव्हाना वाचकांच्या ओठांवर आले असेलच. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या पायथ्याशी हेच घडले: सदतिसास एक असा चढ, मागून ढकलायला जोडलेली इंजिने आणि त्या सक्तीच्या विलंबात खिडकीशी आलेला वडा. सफरचंद पडले म्हणून गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला असे सांगतात. गुरुत्वाकर्षणाने या ऋणाची फेड कर्जतेस बटाटेवड्याच्या आणि योकोकावास भाताच्या मडक्याच्या रूपाने केली.

मडके हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. ओगिनोया नावाची जुनी पेढी तिथल्या फलाटावर पूर्वी चारचौघांसारखे थंड डबे विकत असे. पुढे तिच्या मालकीणबाईंनी उतारूंना तुम्हांला काय हवे असे प्रत्यक्ष विचारले, ऊन ऊन हवे असे उत्तर आले, आणि १९५८ पासून माशिको गावच्या मातीच्या झाकणबंद मडक्यातून वाफाळता भात मिळू लागला. गाडी सुटताना ही विक्रेती मंडळी फलाटावर ओळीने उभी राहून तिला कमरेत वाकून नमस्कार करीत. आपला विक्रेता गाडी सुटताना सुटे पैसे परत करण्यासाठी तिच्यामागे धावतो, किंवा धावत नाही. वाकत मात्र नाही. १९९७ साली अतिवेगवान गाडीचा नवा मार्ग सुरू झाला आणि घाटातला जुना लोहमार्ग बंद पडला. ज्या खोळंब्यापोटी हा पदार्थ जन्मला तो खोळंबाच गेला. पण पेढीने दूरदृष्टीने १९६२ सालीच हमरस्त्यावर दुकान थाटून ठेवले होते, त्यामुळे मडके रस्त्याला लागले आणि तरले.

त्यात कोंबडी असते. लावीचे अंडेही असते. आमच्या सौभाग्यवती कडक शाकाहारी असल्यामुळे प्रवासातली पहिली तक्रार इथे जुळून येणार असे दिसू लागले. परंतु दर्शनी कपाटात त्या मडक्याची हुबेहूब प्रतिकृती मांडलेली, आणि तीत कोंबडी, अळंबी, बांबूचे कोंब, चेस्टनट, जर्दाळू असा एकेक जिन्नस स्पष्ट दिसत असल्यामुळे फसवणुकीचा दावा लावण्यास जागा उरली नव्हती. त्यांनी पुण्याहून आणलेल्या दशम्या काढल्या. मी मडके रिकामे केले. त्यानंतर ज्या बाईंनी त्यातल्या एका शितालाही स्पर्श केला नव्हता त्यांनीच ते रिकामे भांडे उलटेसुलटे करून पाहिले, बोटाने वाजवले, “विरजण छान लागेल,” असा अभिप्राय दिला आणि भाच्याचेही मडके ताब्यात घेतले. कोंबडीविषयीचा मुद्दा मी उपस्थित केला तेव्हा “घासलं की झालं” एवढ्यावर तो निकालात निघाला.

पुढे घाटाची जुनी सडक लागते. तिला १८४ वळणे आहेत, आणि प्रत्येक वळणावर त्याचा अनुक्रमांक लावलेला आहे. आपल्या घाटातले वळण हे तिथल्या देवळावरून नाहीतर तिथे कोसळलेल्या मालमोटारीवरून ओळखले जाते. त्यात इतिहास असतो, पण हिशेब नसतो. इथे मळमळ कितव्या वळणावर सुरू झाली, आले कितव्याला चघळले आणि देवाचा धावा कितव्यापासून आरंभला याची बिनचूक नोंद ठेवता येते. विटांच्या चार कमानींचा जुना आगगाडीचा पूल मध्येच रानातून डोके वर काढतो. तो भव्य आहे असे भाच्याने सांगितले. सौभाग्यवतींचे डोळे त्या वेळी मिटलेले होते.

शौचालयांविषयी फार लिहू नये असा शिष्टसंप्रदाय आहे आणि मी तो बव्हंशी पाळणार आहे. एवढेच सांगतो की १९८० पासून त्या देशात बसल्याजागी ऊन पाण्याचा फवारा देणारी आसने लोकांच्या अंगवळणी पडू लागली, १९८८ साली एका यंत्राची त्यात भर पडली जे कळ दाबताच वाहत्या पाण्याचा नुसता आवाज काढते, जेणेकरून शेजारच्या खोलीतील इसमास आपल्या तेथील वास्तव्याचा सुगावा लागू नये. आणि ही राजेशाही घाटमाथ्यावरच्या, जवळपास एकही घर नसलेल्या ठाण्यावर, रात्री दोन वाजता, फुकट उपलब्ध असते. दारात कोणीही बसलेले नसते. बाहेर आल्यावर आपण कोणाचे तरी देणे बुडवून पळत आहोत असे वाटून माझी पावले आपोआप जलद पडू लागत.

कारुइझावा हे थंड हवेचे ठिकाण मागे टाकून उत्तरेकडे वळले की डावीकडे त्सुमागोई गावाचा मुलूख आहे, जिथला उन्हाळी कोबी साऱ्या देशात जातो. तिथे नवरेमंडळी कोबीच्या शेतासमोर एका मंचावर उभी राहून आपल्या बायकोवरचे प्रेम घसा फोडून जाहीर करतात असा एक समारंभ होतो. ही माहिती भाच्याने दिल्यानंतर गाडीत काही क्षण शांतता पसरली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी कोबीचा भाव विचारला.

मग आगात्सुमा नदीच्या खोऱ्यात, यांबा धरणाच्या बाजूचे रस्त्याचे स्टेशन आले, आणि तिथे मला प्रथमच घरच्यासारखे वाटले. तिथे गरम पाण्याचे एक लांबट टाके आहे. जोडे-मोजे काढून काठावर बसायचे आणि पाय पाण्यात सोडायचे, अशी ती मोफत सोय. एका बाजूस एक मालमोटारवाला, दुसऱ्या बाजूस दोन वृद्ध भगिनी आणि मध्ये आम्ही, असे गुडघ्यापर्यंत समानतेला पोहोचलेले बसलो असता भाच्याने धरणाची कुळकथा सांगितली. त्याची पहिली पाहणी १९५२ साली झाली आणि धरण पुरे झाले २०२० साली. अडुसष्ट वर्षे! माझ्या अंगातून समाधानाची एक लहर गेली, आणि ती ऊन पाण्याची नव्हती. या मुदतीत विरोध झाले, वाटाघाटी झाल्या, तह झाले, पुनर्वसनाचे आराखडे निघाले. २००९ साली राज्यावर आलेल्या नव्या पक्षाने काम थांबवण्याचा हुकूम काढला आणि २०११ साली त्याच पक्षाने तो फिरवला. म्हणजे यांनाही हे जमते तर, असे मी मनाशी म्हणालो, आणि जपानी लोकांविषयी प्रथमच खरी आत्मीयता वाटली.

परंतु हे समाधान फार टिकले नाही. समोरच्या शांत, हिरव्या जलाशयाखाली कावारायु नावाचे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे जुने गाव आहे: त्याच्या धर्मशाळावजा खाणावळी, त्याचे रेल्वे स्टेशन, त्याच्या गल्ल्या. गाव वरच्या अंगाला नेऊन वसवले, झऱ्याचे पाणीही वर नेले. पण ज्यांची सारी उमर ‘आज उठायचे की उद्या’ या एका प्रश्नात गेली त्यांतले कितीतरी वाट पाहूनच दुसरीकडे निघून गेले. उठलेल्यांच्या चरितार्थासाठी खोऱ्यात जे जे उभारले गेले त्यातच हे स्टेशनही आहे. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वर्तमानपत्राचा झाला आहे त्या भाषेतून आलेल्या माणसाने यावर विनोद करू नये. मी पाय पुसले.

विनोद करण्याचे काम तिथल्या उपाहारगृहाने आधीच केले होते. ‘धरण-कढी’ असे म्हणता येईल असा एक पदार्थ त्या देशात जागोजाग मिळतो, आणि यांबाच्या काठी तो मिळणे क्रमप्राप्तच आहे. ताटलीत भाताचा एक उभा बांध घातलेला असतो, त्याच्या एका अंगास मसाल्याच्या रश्श्याचा जलाशय तुंबवलेला असतो आणि खालच्या अंगास नदीचे कोरडे पात्र राखलेले असते. हा मसाला आपल्याकडून इंग्रजांनी नेला, त्यांच्यामार्फत तो जपानात पोहोचला, आणि आता अभियांत्रिकी शिकून आमच्यापुढे येऊन बसला होता. प्रश्न असा की बांध फोडावा कोठून? जुलै १९६१ मध्ये फुटलेल्या पानशेत धरणाचे पाणी जिथवर चढले त्या खुणा ज्याने बालपणी घरांच्या भिंतींवर पाहिल्या आहेत, अशा पुणेकराच्या हातून हे काम सहजासहजी होत नाही. मी बराच वेळ काठाकाठाने विसर्ग करीत राहिलो. भाच्याने मात्र मधोमध चमचा घातला आणि खालच्या खोऱ्यातील कोबी क्षणार्धात पाण्याखाली गेला.

त्याच देशात धरणांचे पत्तेही निघाले आहेत. २००७ पासून सरकार पुष्कळ धरणांचे छायाचित्र, उंची, जातकुळी असा तपशील छापलेला पत्ता फुकट वाटते. यांबाची उंची ११६ मीटर. अट एकच: धरणावर जातीने हजर असलेल्या इसमासच आणि एकास एकच मिळेल. ही अट कळल्यावर शेजारणीसाठी एक जादा मागण्याचा बेत सौभाग्यवतींनी रहित केला. नियम इतक्या विनयाने लिहिलेला असला की तो मोडण्यातली मजाच निघून जाते.

स्टेशनातल्या भाजीबाजारात प्रत्येक जुडीवर पिकवणाऱ्याचे नाव छापलेली चिठ्ठी होती. शेतकरी सकाळी स्वतःच माल आणून मांडतो, भाव स्वतः लिहितो आणि न खपलेले स्वतः परत नेतो, अशी वहिवाट आहे. म्हणजे मुळ्याला सात-बारा आला. अडत्याला या सर्व व्यवहारात उभे राहायला जागा कोठे आहे हे मी पुष्कळ शोधले. सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांच्या, वाडग्याकडे सौभाग्यवती आशेने पाहत होत्या. पण त्याचे निरुपद्रवी दिसणारे पाणी सुकवलेल्या माशाच्या ढलप्यांत उकळलेले असते, हा खुलासा भाच्याने वेळीच केला, आणि दशम्या पुन्हा निघाल्या.

आणि त्या दालनाच्या कोपऱ्यात एका मेजावर, शाईच्या गादीशेजारी, सरकारमान्य स्टेशनाचा गोल शिक्का उघड्यावर पडलेला होता.

वाचकहो, मी निवृत्त कारकून आहे. आयुष्याचा पूर्वार्ध मी शिक्के मारण्यात घालवला आणि उत्तरार्ध ते मारून घेण्यात घालवीत आहे. जन्माचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा असे सर्व दाखले मी मिळवलेले आहेत आणि अलीकडे दर नोव्हेंबरात मी अद्याप जिवंत असल्याचाही मिळवतो. कारण मी समोर उभा राहून बोलत असलो तरी शिक्का उमटेपर्यंत ती गोष्ट केवळ माझ्या सांगण्यावर अवलंबून असते. शिक्का हा खणात असतो, खणाची किल्ली भाऊसाहेबांकडे असते आणि भाऊसाहेब जिल्ह्याच्या गावी गेलेले असतात, ही सृष्टिरचना मला पूर्ण अवगत आहे. म्हणून मी त्या मेजामागे कोणी बसलेले आहे का ते पाहिले. खुर्चीच नव्हती. ठराविक वेळ नव्हती, अर्जाचा नमुना नव्हता, साक्षांकित नक्कल नव्हती. एक पाचसहा वर्षांचा मुलगा आला, त्याने टाचा उंचावून शिक्का उचलला, स्वतःच्या वहीत मारला, फुंकर घातली आणि निघून गेला. राज्याला काहीही झाले नाही.

या वह्यांचे तिथे मोठे प्रस्थ आहे. प्रांतोप्रांतीच्या स्टेशनांची कोरी पाने असलेली वही विकत मिळते, दर स्टेशनाचा शिक्का निराळा असतो, आणि साऱ्या पानांवर शिक्के जमवणाऱ्यास पूर्ततेचे प्रशस्तिपत्र देतात. त्यापायी निवृत्त जोडपी डोंगरामागून डोंगर पालथे घालीत हिंडतात. माझ्यामागे असेच एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांनी शिक्का गादीवर दोनदा हलकेच टेकवला, कडा तपासली, पानावर सरळ धरून अंगठ्याने समतोल दाब दिला आणि वर टीपकागद ठेवला. असा शिक्का मी माझ्या हयातीत कोणत्याही कचेरीत उमटलेला पाहिला नाही. आमच्याकडे तो नेहमी अर्धा उमटतो आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ वरिष्ठ कचेरी लावते.

माझ्यापाशी वही नव्हती. “पासपोर्टावर घ्या की,” सौभाग्यवती म्हणाल्या, “तो तरी कशाला आहे?”

भाच्याचा चेहरा पांढरा पडला. “नको मामी! मामा, खिशात ठेवा तो. विमानतळावर अडवून ठेवतील.”

तेव्हा मी भाताच्या मडक्याची पावती काढली आणि तिच्या पाठीवर शिक्का मारला. मग शेजारी आणखी एक मारला. मग जागा होती म्हणून तिरका एक. कोणी हरकत घेईना, कोणी फी मागेना, तसतसा माझ्या हाताला जुना वेग येऊ लागला; अखेर भाच्याने माझा दंड धरून मला बाहेर नेले.

कुसात्सु गावावरून शिबु घाट चढताना गंधकाचा वास येतो आणि झाडे खुजी होत जातात. जपानातील राष्ट्रीय रस्त्यांवरील सर्वांत उंच जागा याच वाटेवर आहे: २१७२ मीटर, बर्फामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत बंद. माथ्यावर एक हॉटेल आहे, ते नेमके दोन प्रांतांच्या सीमेवर बांधलेले असून इमारतीच्या मधोमध तशी रेघ ओढलेली आहे, आणि आपण या उंचीवर पोहोचल्याचा दाखला तिथे अल्प किमतीत मिळतो. मी तो घेतला. ज्या अर्थी इसम या उंचीवर पोहोचला त्या अर्थी तो जिवंत असला पाहिजे, हा युक्तिवाद नोव्हेंबरात आमच्या कचेरीत टिकेल किंवा कसे याविषयी मी वकिलांचा सल्ला घेणार आहे.

पलीकडे नागानो प्रांतात उतरेपर्यंत अंधार पडला होता. आणखी एका रस्त्याच्या स्टेशनावर भाच्याने गाडी लावली, खुर्ची मागे पाडली आणि “पंधरा मिनिटं डोळे मिटतो” म्हणून झोपी गेला. त्याने सांगून ठेवलेला नियम मला तेव्हा आठवला. सरकारचे म्हणणे असे की ही ठाणी विश्रांतीसाठी आहेत, मुक्कामासाठी नाहीत. म्हणून मुक्कामाच्या हेतूने कोणी येऊ नये, मात्र अपघात टळावा यासाठी चालकाने डुलकी घेण्यास हरकत नाही. आता डुलकी कोठे संपते आणि मुक्काम कोठे सुरू होतो, याची व्याख्या कोणत्या कलमात आहे? जोडे काढले तर काय? उशी घेतली तर? घोरणे हे हेतूचा पुरावा धरावे की परिस्थितीजन्य पुरावा? पंधराची पंचेचाळीस मिनिटे झाली तेव्हा मी सौभाग्यवतींपुढे दोन्ही बाजू मांडू लागलो. एवढ्यात हातात झाडू आणि विजेरी घेतलेले एक वयस्क गृहस्थ गाडीच्या दिशेने आले. मी काच खाली केली, घसा साफ केला, आणि आमच्या पक्षकाराचा हेतू निव्वळ सुरक्षिततेचा असल्याचे मराठीत निवेदन करण्याच्या बेतात होतो. पण ते थबकले, झोपलेल्या भाच्याकडे पाहून त्यांनी विजेरी विझवली, आम्हांला वाकून नमस्कार केला आणि झाडण्याचा आवाज होऊ नये म्हणून वाहनतळाची दुसरी बाजू झाडायला निघून गेले.

“आता याला उठवावं,” मी म्हणालो, “मुक्काम होण्याच्या आत.”

“झोपू दे त्याला,” सौभाग्यवती म्हणाल्या. “आणि तुम्ही ती काच वर करा. थंडी केवढी आत येते आहे, आणि म्हणे यांच्याकडे सगळ्याची व्यवस्था असते!”